क्लेम झालेत, चलनं थकलीत, पॉलिसी पण संपलीय: अशा गाडीचा विमा कसा काढायचा

गाडी वर्षात दोन-तीनदा ठोकली आणि प्रत्येक वेळी क्लेम घेतला, किंवा दारू पिऊन चालवल्याची केस झाली, किंवा पॉलिसी संपून सहा-आठ महिने झाले आणि आता एजंट फोनच उचलत नाही, अशा लोकांसाठी हे लिहितोय. लातूरात विम्याचंच काम करतो त्यामुळं असली गिऱ्हाईकं सारखी येतेत, आणि सगळ्यांची भीती एकच, की आता आपल्याला कुणी विमा देत नाही आणि दिलाच तर डबल पैसे लावतेत. यातलं थोडं खरं आहे, बरंचसं ऐकीव.

आधी एक गैरसमज काढून टाका. यूट्यूबवर हाय रिस्क ड्रायव्हर म्हणून जे व्हिडिओ असतेत ते जास्त करून अमेरिकेतले. तिकडं विम्याचा दर ड्रायव्हरच्या रेकॉर्डवर ठरतो, बऱ्याच राज्यांत दारूची केस झाली की एसआर-२२ नावाचं सर्टिफिकेट विमा कंपनीकडून सरकारकडं जमा करावं लागतं. आपल्याकडं ती भानगड नाही. इथं विमा गाडीचा निघतो, आणि मालकाच्या परवानगीनं लायसनवाला कुणीही चालवत असला तरी पॉलिसी चालते. मग खराब रेकॉर्डचा भुर्दंड बसतच नाही का? बसतो की. एनसीबी म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारा डिस्काउंट जातो, ओडीचा म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम वाढतो, आणि क्लेमच्या टायमाला कंपनी सगळे कागद उलगडून बसते. लोक पहिल्या दोन गोष्टींवरून एजंटशी भांडतेत आणि तिसरीकडं बघत पण नाहीत. खरा मार तिथंच बसतो राव.

सुरुवात थर्ड पार्टीपासून, म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्यापासून करा, आणि आजच करा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणं तो सक्तीचाच आहे, आणि त्याचा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले त्यात खासगी कार १००० सीसीपर्यंत असली तर वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७, वरून १८ टक्के जीएसटी. तुम्ही चाळीसच्या वर कधी न गेलेले गुरुजी असा का दर सहा महिन्याला कुणाला तरी घासणारे असा, दर तोच. रेकॉर्ड खराब आहे म्हणून कंपनीला थर्ड पार्टी नाकारता पण येत नाही. एखादा एजंट टाळाटाळ करत असला तर समजून घ्या की यात त्याला कमिशन किरकोळ सुटतंय, सरळ कंपनीच्या साइटवर जाऊन काढा, गाडी नंबर टाकला की दहा मिनिटांचं काम आहे. फक्त पॉलिसीवर सुरू होण्याची तारीख आणि वेळ छापलेली असते ती बघा, सकाळी ठोकून दुपारी पॉलिसी काढली तर सकाळचं नुकसान कुणी देत नाही.

आणि ज्यांनी १ सप्टेंबर २०१८ नंतर नवी कार घेतलीय त्यांनी एक तपासा. तेव्हापासून नव्या कारला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, पण त्याच्यासोबतचा ओडी बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. लोक म्हणतेत शोरूमवाल्यानं तीन वर्षांचा विमा दिलाय, आणि दुसऱ्या वर्षी रात्री रोही आडवी येऊन बोनट जातं तेव्हा कळतं की ओडी कधीच संपलाय.

विमा नसताना पकडलं तर कलम १९६ खाली पहिल्यांदा २,००० रुपये आणि पुढच्या वेळी ४,००० दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद पण होऊ शकते. दंडाचं काय घेऊन बसलात, तो भरून माणूस मोकळा होतो. पण तुमच्या गाडीखाली कुणी गेलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवतं ती मालकाच्या बोकांडी बसते, आणि कलम १७४ प्रमाणं न्यायाधिकरण कलेक्टरला दाखला देऊन ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायला लावू शकतं. म्हणजे प्रकरण थेट सातबाऱ्यापर्यंत जातंय. दोन-तीन हजार वाचवायला कुणी वडिलोपार्जित रान डावावर लावू नये, बाकी तुमची मर्जी.

आता ओडीकडं या. २००७ पासून ओडीचे दर कंपन्यांना मोकळे सोडलेत, त्यामुळं एकाच गाडीला एक कंपनी ९,००० सांगते आणि दुसरी १४,०००, आणि तुमच्या नावावर जास्त क्लेम दिसले तर कोणी प्रीमियम चढवते, कोणी झिरो डेप (पार्टवर घसारा न कापणारं कव्हर) द्यायला नकार देते, कोणी सरळ नाहीच म्हणते. एका नकारानं घाबरायचं कारण नाही, चार कंपन्यांचे कोटेशन घ्या, त्यात एखादी तरी सरकारी कंपनी धरा. तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे कंपनीनं विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, सगळीकडं सारखी ठेवा. कारण स्वस्त दाखवायची सोपी युक्ती म्हणजे आयडीव्ही पाडणं, प्रीमियम दीड हजारानं कमी दिसतो आणि गाडी टोटल लॉस झाली की पन्नास-साठ हजार कमी हातात येतेत. आयडीव्हीचा ढोबळ हिशोब असा की गाडी एक ते दोन वर्षांची असली तर कंपनीच्या लिस्ट किमतीतून २० टक्के वजा, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. पाचच्या पुढं तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायची. आपल्यासाठी बरी गोष्ट एवढीच की जुन्या टॅरिफमध्ये पुणे-मुंबई अ झोनमध्ये आणि आपला सगळा मराठवाडा ब झोनमध्ये होता, त्या हिशोबानं ओडीचा दर आपल्याला थोडा कमी बसतो.

ओडी संपलेला असला तर गाडीची पाहणी होते, आता बहुतेक ठिकाणी मोबाइलवर व्हिडिओ करूनच. ते नीट करा, त्याच्यावर लई अवलंबून असतंय. आधी गाडी धुऊन घ्या, चिखलाखाली डेंट लपलाय असं त्यांना वाटलं की रिजेक्ट. उजेडात उभी करा, नंबर प्लेटपासून सुरू करून न थांबता पूर्ण फेरी मारा, बोनट उघडून चॅसिस नंबर दाखवा, इंजिन चालू करून मीटरचं रीडिंग दाखवा, पुढची काच आतून-बाहेरून दाखवा. जे जुनं नुकसान दिसतंय ते रिपोर्टमध्ये लिहिलं जातं आणि त्याचा क्लेम पुढं मिळत नाही, त्यामुळं जमलं तर छोटं-मोठं काम आधीच करून घ्या. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की साठलेली एनसीबी पण जाते. म्हणजे पाच वर्षं एक पण क्लेम न घेता कमावलेला ५० टक्के डिस्काउंट निव्वळ विसरण्यामुळं शून्य. मोबाइलला रिमाइंडर लावायला किती वेळ लागतो?

एनसीबीवरून आठवलं, इथं लई लोक खोटं बोलतेत. मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असतो आणि कंपनी बदलताना फॉर्मवर 'क्लेम नाही' अशी टिक मारतेत, कधी एजंटच मारतो, गिऱ्हाइकाला पत्ता पण नसतो. त्यांना वाटतंय नव्या कंपनीला काय कळणार. कळतंय. नवी कंपनी जुनीला विचारते, आणि इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडं सगळ्या कंपन्यांचा डेटा असतो. क्लेम आल्यावर ते उघडं पडलं की ओडीचा क्लेम कापतेत नाहीतर पूर्ण नाकारतेत. त्यामुळं पॉलिसी हातात आली की पहिलं एनसीबीचा रकाना वाचा, आणि चुकीचं दिसलं तर लगेच मेल करून दुरुस्त करून फरकाचे पैसे भरा. दारूची केस, लायसन सस्पेंड झालेलं, काय पण फॉर्ममध्ये विचारलं तर खरंच लिहा, थोडा प्रीमियम वाढला तर वाढू द्या.

आता सगळ्यात कामाचा भाग, क्लेम कधी घ्यायचा आणि कधी नाही. क्लेम जास्त झालेत म्हणूनच तर तुम्ही हे वाचताय ना. एनसीबीची पायरी अशी असते: एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. समजा तुमचा ओडी विना-डिस्काउंट १०,००० आहे आणि यंदा ४५ टक्के एनसीबी चालू आहे. पार्किंगमध्ये बंपर फुटला. बिल असं: बंपर ४,५००, पेंट ३,०००, मजुरी १,५००, एकूण ९,०००. झिरो डेप नसली तर प्लास्टिकवर ५० टक्के घसारा म्हणजे बंपरचे २,२५० च धरणार, पेंटमधलं मटेरियल चौथा हिस्सा धरून त्याच्या निम्मे कापणार म्हणजे २,६२५ राहिले, मजुरी पूर्ण, आणि त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये मालकानं सोसायचे सक्तीचे १,००० वजा. हातात आले ५,३७५.

आणि गेलं किती ते बघा. क्लेम नसता तर पुढं दरवर्षी ५,००० च भरायचे होते. आता पुढच्या वर्षी पूर्ण १०,०००, मग ८,०००, मग ७,५००, ६,५००, ५,५००, तेव्हा कुठं परत ५,००० वर येणार. फरकाची बेरीज १२,५०० होते, जीएसटी धरून १४,७५०. गाडी जुनी होते तसा ओडी उतरतो त्यामुळं प्रत्यक्षात आकडा थोडा कमी बसेल, पण ५,३७५ साठी एवढं घालवणं परवडत नाही हे तर दिसतंयच ना. शोरूमवाला मात्र 'कॅशलेस करून देतो साहेब' म्हणून लगेच फॉर्म भरायला लावतो, त्याचं बिल निघतं, तुमची एनसीबी जाते. माझा हिशोब साधा आहे, एनसीबी ३५ टक्क्यांच्या वर गेलेली असली तर पंधरा हजाराच्या आतलं काम बाहेरच्या चांगल्या गॅरेजला खिशातून करा. उलट यंदा एक क्लेम झालेलाच आहे, एनसीबी आधीच गेलीय, तर दुसरा मोठा क्लेम घ्यायला कचरू नका, फक्त झिरो डेपमध्ये वर्षाला किती क्लेम चालतेत ते बघून घ्या, बऱ्याच पॉलिसीत दोनच असतेत.

गॅरेजवाले अजून एक शहाणपण शिकवतेत, 'जुने दोन-तीन डेंट पण याच क्लेममध्ये बसवून देतो'. सर्व्हेअर काय आंधळा नसतो. ओरखड्यात धूळ बसलेली दिसते, पत्र्याला गंज चढलेला दिसतो, पुढून धडक झाली म्हणता आणि मागच्या दाराचा घासा उलट्या दिशेनं असतो. तो प्रत्येक मार वेगळा धरतो, आणि एकदा संशय आला की खरा क्लेम पण रेंगाळतो.

आता येऊ नाकारलेल्या क्लेमवर. पॉलिसीत ड्रायव्हरचं कलम असतं, अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याकडं चालू लायसन पाहिजे आणि त्याला चालवायला बंदी नको. पूर्वी लायसन संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती, २०१९ च्या दुरुस्तीनं ती गेली. म्हणजे काल संपलं तर आज तुम्ही बिनलायसनचे. वर्षाच्या आत रिन्यू केलं तर टेस्ट लागत नाही, वर्ष उलटलं की परत टेस्ट. घरातल्या सगळ्यांचे लायसन डिजीलॉकरला टाकून तारखा बघून ठेवा, खास करून काका-मामांचे, त्यांनी वीस वर्षांपूर्वी काढलेलं असतंय आणि पाकिटातून परत कधी बाहेर काढलेलंच नसतंय. पोराला अठरा झाल्याशिवाय गाडी अजिबात देऊ नका. कलम १९९अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन एक वर्ष रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. बारावीला क्लासला जायला म्हणून चावी देणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

दारूचं स्पष्ट सांगतो. कलम १८५ मध्ये मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची, पहिल्यांदा १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्या अवस्थेत गाडी ठोकली तर ओडीचा एक रुपया मिळत नाही. समोरच्याला भरपाई द्यायचा कोर्ट कंपनीला आदेश देऊ शकतं, पण नंतर कंपनी ते पैसे मालकाकडून वसूल करते. यावर कुठला ॲड-ऑन पण नाही, लग्नाच्या वरातीनंतर ड्रायव्हर बघा एवढंच.

तिसरं कारण, खासगी गाडीत भाडं मारणं. पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीत तुळजापूर-अक्कलकोटची ट्रिप पैसे घेऊन केली आणि अपघात झाला की आतल्याच एखाद्या प्रवाशाच्या जबाबात 'सीटचे इतके दिले' हे येतं, आणि क्लेम गेला. भाडंच मारायचं असलं तर परमिट काढून कमर्शियल पॉलिसी घ्या, महाग पडते पण क्लेम उभा राहतो.

चौथं आपल्याकडं लईच. पुण्याहून एमएच १२, एमएच १४ ची जुनी गाडी आणायची, आरसी वर्षभर पहिल्या मालकाच्याच नावावर, विमा पण त्याच्याच नावावर, आणि गाडी परभणी-हिंगोलीत पळतीय. विक्री झाली की थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडं आला असं कायदा मानतो, पण ओडी तसा येत नाही, तो १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून स्वतःच्या नावावर करून घ्यावा लागतो. आणि जुन्या मालकाची एनसीबी तुम्हाला मिळत नाही, ती माणसाची असते, तो त्याच्या पुढच्या गाडीला नेतो. तुम्ही पण तुमची जुनी गाडी विकताना एनसीबीचं सर्टिफिकेट मागून घ्या, तीन वर्षं चालतंय. वडील वारले आणि गाडी त्यांच्याच नावावर असली तर पॉलिसी फक्त तीन महिने किंवा संपेपर्यंत, जे आधी होईल तोपर्यंतच चालते, त्यात नाव बदलून घ्या. तिथं मात्र त्यांची एनसीबी वारसाला मिळू शकते.

पैसे कमी कसे करायचे? व्हॉलंटरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला ठरलेला वाटा आपण स्वतः भरायची तयारी, घेतलं की प्रीमियम उतरतो हे सगळे सांगतेत, पण ज्याची गाडी वारंवार ठोकली जाते त्यानं ते घेऊ नये असं माझं मत आहे, हजार-पंधराशे वाचतेत आणि प्रत्येक क्लेमला पाच हजार खिशातून जातेत. गाडी कमी फिरत असली, म्हणजे अंगणात झाकून उभी आणि लग्नकार्य नाहीतर दवाखान्यापुरतीच बाहेर निघते, तर जुलै २०२२ पासून परवानगी मिळालेली 'पे ॲज यू ड्राइव्ह' बघा, किलोमीटर ठरवून घ्यायचे. 'पे हाऊ यू ड्राइव्ह' मध्ये ब्रेक आणि स्पीडवरून मार्क देतेत, हात खरंच सुधारला असला तरच त्या वाटेला जा. दहा-बारा वर्षांच्या गाडीची आयडीव्ही सव्वा लाख आणि वाढवलेला ओडी दहा हजार येत असला तर मी फक्त थर्ड पार्टी आणि १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा घ्यायला सांगतो. ओडी घेणार असाल तर त्यावर इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन मात्र घ्या. सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाराशिव, बीड, लातूरकडं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. पाण्यात बंद पडलेली गाडी सेल मारून चालू करायला गेलं की इंजिनात पाणी ओढतं आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. ढकलून बाहेर काढा, टोइंग बोलवा, सेल मारू नका.

थकलेली ई-चलनं पण भरून टाका, लोकअदालतीत तडजोड होते. चलनावरून विम्याचा हप्ता वाढवायचा मसुदा आयआरडीएआय या विमा नियामकाच्या समितीनं जानेवारी २०२१ मध्येच काढला होता, त्यामुळं समृद्धीवर १२० च्या वर पळवणाऱ्यांनी आत्तापासूनच सवय लावलेली बरी.

अपघात झालाच तर गाडी हलवायच्या आधी चारी बाजूनं फोटो घ्या, रस्ता आणि समोरच्या गाडीचा नंबर त्यात आला पाहिजे. रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला असाल तर ट्रॉलीच्या मागच्या बाजूचा फोटो सगळ्यात आधी, सकाळपर्यंत ट्रॉली कारखान्यात गेलेली असते. कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि सर्व्हे झाल्याशिवाय गॅरेजला एक स्क्रू पण खोलू देऊ नका.

क्लेम नाकारला तर फोनवरचं 'नाही बसत सर' मानू नका. कुठल्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, सोबत बीमा भरोसा पोर्टलवर नाहीतर १५५२५५ ला तक्रार टाका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जा, मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतेत आणि कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत अर्ज पाहिजे. फी नाही, वकील चालत नाही, तुमचं तुम्हीच बोलायचं, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला पटला नाही तर जिल्ह्याचा ग्राहक आयोग उघडाच आहे.